लंडन करायचंय? मग नीट करा!

निवडणूक आली की आपल्या शहरांना परदेशी जायची घाई होते. मुंबईचं शांघाय व्हायचं होतं, ते राहिलं. ममतादीदींनी २०११ मध्ये कोलकात्याचं लंडन करायचा विडा उचलला आणि शब्दाला जागून काही वर्षांत लेक टाऊनच्या चौकात बिग बेनची धाकटी पातीही उभी केली. आपल्या सरकारनं २०२० च्या जानेवारीत ‘लंडन आय’च्या धर्तीवर वांद्र्याला ‘मुंबई आय’ फिरवायचं मनावर घेतलं होतं. तो पाळणा तूर्त कागदावरच गरगरतोय.

आमची नकलेला हरकत नाही. राजाबाई टॉवर बिग बेनवरूनच बेतलेला आहे आणि तो आखणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हयातीत एकदाही मुंबईला आले नाहीत. घरबसल्या लंडन करून देण्याचा धंदा १८७८ सालीच तेजीत होता म्हणायचा. पण नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, तेव्हा आधी अस्सल माल उलटापालटा करून बघावा. आणि तिथंच गोम आहे. लंडनची निम्मी नामांकित ठिकाणं ही फसलेली कामं आहेत. तडकलेली, डगमगलेली, विकून टाकलेली, भलत्या जागी जाऊन पडलेली. आपल्या बांधकाम खात्यानं ऊर भरून बघावीत अशी.

बिग बेनच घ्या. तेरा टनांहून जड अशी ही घंटा १८५९ च्या जुलैत टोले द्यायला लागली आणि सप्टेंबरात तिला तडा गेला. तिच्या आधीची घंटा तर मनोऱ्यावर चढलीच नाही. खाली चाचणीचे टोले देतानाच फुटली. दुसऱ्या तड्याचं श्रेय एडमंड बेकेट डेनिसन या वकीलसाहेबांकडे जातं. माणूस हुशार, घड्याळाची यंत्रणा त्यांनीच आखली आणि ती आजही चालते. पण एका गोष्टीतलं कळलं की सगळ्यातलंच कळतं, हा रोग लंडनमध्येही आहे. ओतकाम करणाऱ्यांनी सांगितलेल्या वजनाच्या दुपटीहून जड हातोडा त्यांनी बसवायला लावला. घंटा तडकल्यावर मात्र दोष ओतशाळेचा! ओतशाळेनं अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो वकीलसाहेबांच्या अंगाशी आला. वीसेक वर्षांनी पुन्हा तेच बोलले, पुन्हा हरले. चिकाटी म्हणतात ती ही.

घंटा सुमारे चार वर्षं गप्प होती. मग राजदरबारचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी तोडगा काढला. घंटा थोडी फिरवा, म्हणजे टोला तड्याच्या जागी पडणार नाही. आणि हातोडा हलका करा. झालं. तडा आहे तिथंच आहे. हा सल्ला द्यायला त्यांना खगोलशास्त्रज्ञ लागला. आमच्या तांबट आळीत तो कुणीही अर्ध्या कटिंगवर दिला असता. बाकी घड्याळाची निगा मात्र अशी राखतात की बघत राहावं. लंबकावर जुन्या पेनीच्या नाण्यांची छोटी चळत असते. एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे, काढलं की तेवढंच मागे. २०१७ मध्ये मनोऱ्याची दुरुस्ती काढली तेव्हा अंदाज होता २ कोटी ९० लाख पौंडांचा, काम संपता संपता आकडा ८ कोटींच्या घरात गेला. सेकंदाचा हिशेब चोख, पौंडाचा नाही. सुधारित अंदाजपत्रक ही खास आपली लोककला, असा आपला उगाच समज होता.

मनोऱ्याला लागून असलेली संसदेची भव्य वास्तू तर एका साफसफाईची देणगी आहे. इंग्लंडच्या खजिन्याचा हिशेब शेकडो वर्षं लाकडी काड्यांवर खाचा पाडून ठेवत. ती पद्धत मोडीत निघाली, काड्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरून काड्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये घालायला दोन मजूर लावले. त्यांनी सकाळपासून भट्ट्या ठासून भरल्या. दुपारी चारच्या सुमाराला काही मंडळी सभागृह बघायला आली. बुटाच्या तळव्यातून चटका लागतोय, ही त्यांची तक्रार. धुरामुळे भिंतीवरचे नामी पडदेही त्यांना धड दिसेनात. दाखवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं, आपलं काम पुरं केलं आणि पाचला कुलूप लावलं. सहाच्या सुमाराला ज्वाळा, रात्रीत जुनी संसद खाक. आपल्याकडे इमारतीला आग लागते आणि नेमक्या हव्या त्या फायली जळतात. तिथं फायली जाळायला घेतल्या आणि संसद गेली. तंत्र कुणाचं सरस, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता पूल. पुलांच्या बाबतीत लंडनचा हात आपण धरू शकत नाही, अंधेरीत दोन पुलांची उंची एकमेकांशी जुळवायला विसरलो तरीही. १८३१ चा दगडी लंडन ब्रिज थेम्सच्या तळात हळूहळू रुतत चालला होता, त्यातही एक बाजू जास्त. रहदारी वाढलेली. नवा बांधायचा तर जुना पाडायचा खर्च. अशा वेळी एका नगरसेवकाला, आयव्हन लकिन त्यांचं नाव, कल्पना सुचली की पाडता कशाला, विका! सगळे हसले. आणि १९६८ मध्ये रॉबर्ट मॅक्‌कलॉक या अमेरिकी उद्योगपतीनं २४ लाख ६० हजार डॉलर मोजून पूल घेतला. हा गृहस्थ लाकूड कापायच्या मोटारवाल्या करवती विकून गब्बर झालेला. ॲरिझोनाच्या वाळवंटात लेक हावासू सिटी नावाचं गाव वसवत होता आणि तिकडे काही केल्या माणसं फिरकत नव्हती. पुलाच्या दगडांवर आकडे घातले, बोटीनं पनामा कालव्यातून कॅलिफोर्निया, तिथून ट्रकनं वाळवंट. सिमेंटचा सांगाडा करून त्यावर हे दगड चढवले. १९७१ मध्ये थाटात उद्घाटन.

यातली खरी मजा पुढे आहे. पूल उभारला तो कोरड्या जमिनीवर. खाली पाणी नव्हतंच. पूल उभा राहिल्यावर त्याच्या पोटाखालून कालवा खणला आणि तळ्याचं पाणी आत घेतलं. आधी पूल, मग नदी! एवढं दुहेरी टेंडर आपल्या एकाही ठेकेदाराला आजवर सुचू नये, याचं वाईट वाटतं. अमेरिकी शेटजींना वाटलं आपण ऐटबाज टॉवर ब्रिज घेतोय आणि हाती आला साधा पूल, अशी अफवा लंडनकर अजून चवीनं सांगतात. विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही ती झटकून टाकली आहे. मात्र आपल्या नातेवाइकांचे फोटो बघा. मागे टॉवर ब्रिज, खाली ओळ ‘लंडन ब्रिजवर आम्ही’. यांना काहीही विकता येईल.

लंडनकर तेवढ्यावर थांबले नाहीत. नव्या सहस्रकाचं स्वागत म्हणून नॉर्मन फॉस्टर आणि अरूप अशी बडी नावं लावून त्यांनी थेम्सवर एक सडपातळ पादचारी पूल टाकला. १० जून २००० ला उघडला आणि १२ जूनला बंद केला. माणसं चालायला लागली की पूल डावी-उजवीकडे डोलायचा. तोल सावरायला माणसं नकळत एका तालात पावलं टाकायची. त्यानं पूल आणखी डोलायचा. वारकऱ्यांच्या रिंगणाला न्यावा असा पूल. दणके शोषणारी यंत्रं बसवून तो पुन्हा उघडायला फेब्रुवारी २००२ उजाडलं. आता याच नदीवर चेल्सीच्या बाजूला १८७३ चा अल्बर्ट ब्रिज आहे. तोही थरथरायचा. त्याच्या तोंडाशी जुनी पाटी आहे, सैनिकांनी पुलावरून जाताना कदमताल मोडावा. सव्वाशे वर्षं आधीच्या पुलावर उत्तर लिहून ठेवलेलं आणि नव्या पुलाचे जाणकार संगणकावर! पाट्या वाचायची सवय पुण्यातच लागते, हे खरं.

काचेच्या उंच इमारतींना लंडनकर स्वयंपाकघरातली आणि अडगळीतली नावं ठेवतात. एक घेरकिन, म्हणजे मुरवलेली काकडी. एक चीजग्रेटर, म्हणजे किसणी. फेन्चर्च स्ट्रीटवरच्या सदतीस मजली इमारतीला वॉकी-टॉकी म्हणतात. तिची एक बाजू आतल्या बाजूला वळलेली, अंतर्गोल. शाळेतला आरशांचा धडा ज्यांनी गाळला नाही त्यांना पुढचं कळलं असेल. २०१३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी या आरशातून उन्हाचा झोत खालच्या रस्त्यावर पडला आणि तिथं उभी केलेली एक जॅग्वार गाडी वितळली. अख्खी नाही, आरसा आणि काही भाग. वार्ताहरांनी फुटपाथवर तवा ठेवून अंडी तळली. इमारतवाल्यांनी खुलासा केला की सूर्य सध्या आकाशात ज्या उंचीवर आहे त्यामुळे हे होतंय. म्हणजे दोषी सूर्य! पण खुलासा करून थांबले नाहीत. गाडीवाल्याची माफी मागितली, दुरुस्तीचे ९४६ पौंड दिले, रस्त्यावर आडोसा उभारला आणि पुढे इमारतीला ऊन अडवणारी झडप बसवली. त्याच इमारतीच्या माथ्यावर बाग आहे आणि आधी नाव नोंदवलं तर वर जायला दमडी लागत नाही. फसलेल्या इमारतीतून शहर फुकटात बघता येतं. ‘लंडन आय’च्या रांगेत खिसा हलका करणाऱ्यांनी हे टिपून ठेवावं.

पण या सगळ्यांत आमची लाडकी म्हणजे मार्बल आर्चची टेकडी. मुळात मार्बल आर्च हीच बदलीवर पाठवलेली कमान. जॉन नॅशनं ती बकिंगहॅम राजवाड्याच्या दारासाठी आखली. पुढे राजवाडा वाढला, कमान हलवून १८५१ मध्ये हाईड पार्कच्या कोपऱ्यात आणली. रस्ते रुंद होत गेले आणि आता ती वाहनांच्या गराड्यात, एका बेटावर, कुठंच न नेणारं दार होऊन उभी आहे. टाळेबंदीनंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गिऱ्हाईक परतावं म्हणून वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेनं २०२१ मध्ये तिच्या शेजारी पंचवीस मीटर उंचीची एक कृत्रिम टेकडी केली. पोकळ सांगाडा, वर हिरवळीची चादर. संगणकावरच्या चित्रात घनदाट झाडी होती. प्रत्यक्षात खुरटी झुडपं, पिवळं पडलेलं गवत, आणि वर धापा टाकत चढलं की समोर काय? हाईड पार्कची झाडं. उन्हाळा असल्यामुळे पानं भरगच्च, पलीकडचं काही दिसेना. यासाठी तिकीट! बेत झाला होता सुमारे ३३ लाख पौंडांचा, खर्च निघाला ६० लाखांच्या घरात.

इथवरची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. टेकडी बदलेल, नाही तर कारंजं असेल, नाही तर संगीताच्या तालावर नाचणारं दुसरं कारंजं. पुढचं मात्र आपल्याकडे घडत नाही. जुलैच्या अखेरीस टेकडी उघडली, लोकांनी टर उडवली आणि दोनच दिवसांत तिकीटविक्री थांबली. पैसे परत देतो म्हणाले. ऑगस्टमध्ये ती फुकट खुली केली. खर्चाचा आकडा बाहेर आला तसा नगरपालिकेच्या उपनेत्यानं राजीनामा दिला. गवत पिवळं पडलं म्हणून राजीनामा! आपल्याकडे हा पायंडा पडला तर सभागृहात गणपूर्ती व्हायची नाही. पुढच्या जानेवारीत टेकडी बंद करून उतरवून टाकली, आणि मे महिन्यात वेस्टमिन्स्टरची सत्ता मजूर पक्षाकडे गेली. १९६४ मध्ये ही नगरपालिका झाली तेव्हापासून ती हुजूर पक्षाच्या हातून कधी निसटली नव्हती. सगळं टेकडीमुळे झालं असं म्हणणं आगाऊपणाचं होईल, पण प्रचारात टेकडी होती.

पुतळ्यांचं तर विचारूच नका. ट्राफल्गार चौकाच्या चार कोपऱ्यांत चार चौथरे. चौथ्यावर चौथ्या विल्यमचा अश्वारूढ पुतळा बसायचा होता, पैसे संपले, आणि तो चौथरा १८४१ पासून दीडशे वर्षं रिकामा राहिला. भर चौकात, रिकामा चौथरा! आपल्या गावात हे एक रात्र टिकलं असतं का? पहाटेपर्यंत कुणीतरी कुणालातरी आणून बसवलं असतं आणि सकाळी बंदोबस्त लागला असता. हल्ली तिथं आळीपाळीनं नव्या कलाकृती मांडतात. २०१३ मध्ये निळाभोर अवाढव्य कोंबडा होता, २०२० मध्ये क्रीमचा ढीग आणि त्यावर माशी. उरलेल्यांपैकी दोन चौथऱ्यांवर नेपियर आणि हॅवलॉक हे सेनापती आहेत, एक सिंध गिळणारा, दुसरा १८५७ चा उठाव चिरडायला धावलेला. २००० मध्ये लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन सरळ म्हणाले की हे दोघे कोण ते मला ठाऊक नाही, हलवा त्यांना. हलवले नाहीत. पण महापौराला ‘ठाऊक नाही’ म्हणता आलं आणि कुणी काच फोडली नाही.

कोहिनूरबद्दल बोलत नाही. आपला हिरा बघायला आपणच टॉवरचं तिकीट काढतो आणि मुकुटांपुढचा सरकता पट्टा आपल्याला धड थांबूही देत नाही, एवढंच सांगून सोडून देतो.

एका बाबतीत मात्र आपण लंडनला आपलं शहर करून दाखवलं. प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड इथं १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाड्यानं राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत आणि ग्रंथालयात दिवस दिवस काढत. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते घर ३० लाखांहून अधिक पौंडांना घेतलं. छान केलं. १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. राहत्या घराचं संग्रहालय करायला नगरपालिकेची परवानगी लागते, ती मात्र त्या दिवशी हातात नव्हती. उद्घाटन आधी, परवानगी मागाहून! मंत्रालयातली शिस्त थेम्सकाठी रुजली ती अशी.

लंडन मग लंडनसारखं वागलं. गल्लीतल्या दोन रहिवाशांनी तक्रार केली की बसा भरून माणसं येतात, गलका होतो. कॅम्डेनच्या नगरपालिकेनं २०१८ मध्ये परवानगी नाकारली; राहती जागा कमी होते म्हणून. समोर एका देशाच्या पंतप्रधानांच्या नावाची कोनशिला, आणि पालिका विचारते, गल्लीतलं एक घर कमी झालं त्याचं काय? राज्य सरकार अपिलात गेलं, २०१९ मध्ये रीतसर सुनावणी झाली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. निकाल योग्यच झाला. बाबासाहेबांचं घर राहिलंच पाहिजे होतं, आणि ज्या माणसानं आयुष्यभर कायद्याचा हट्ट धरला त्याचं घर कायद्याच्या दारातून गेलं हेही बरंच झालं.

तेव्हा ज्यांना आपल्या शहराचं लंडन करायचंय त्यांनी घड्याळं आणि पाळणे जरूर आणावेत, फार खर्च येत नाही. जमलं तर ते दोन शेजारीही आणावेत. पंतप्रधान येऊन गेल्यावरही ‘परवानगी कुठंय?’ असं विचारणारे, आणि त्यांचं ऐकून घेणारी पालिका. ती आपल्याला परवडणार नाही, अशी आमची अटकळ आहे.

यंदा सुट्टीत लंडनला निघालेल्या मंडळींना एकच विनंती. टूरवाल्यांच्या यादीत मेणाचे पुतळे असतील, हे घर बहुधा नसेल. टूर मॅनेजरकडे हट्ट धरा. भुयारी रेल्वेचं स्टेशन चॉक फार्म, पुढे पायीच जा. बस दारात नेऊ नका, आणि गल्लीत शिरल्यावर आवाज जरा खाली.